मागच्या खोलीची कौलं

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येत नाही म्हणजे काय, हे खानदेशातल्या बापाला समजावून सांगावं लागत नाही. कडुलिंबाला झोके बांधले गेले, गावभरच्या पोरी आल्या, गाणी म्हणून घसे बसवून परत गेल्या, आणि सुकलालची ललिता आली नाही. फोन केला की सासू उचलायची आणि सांगायची, कामात आहे. त्याआधी ललिता स्वतः उचलायची तेव्हा सगळं बरं असल्याचं एकच वाक्य म्हणायची, "बरं शे आबा, बठ्ठं बरं शे." ते वाक्य बंद झालं आणि सुकलालच्या जिवाला स्वस्थता उरली नाही. अन्न गोड लागेना, कामात हात चालेना. शेवटी शिरपूरच्या अलीकडचं आपलं गाव सोडून तो एस.टी.त बसला आणि एरंडोलजवळच्या व्याह्यांच्या गावी येऊन उतरला.

सुकलाल कुंभार. त्याच्या बापाने चाकावर नळ्या काढल्या, ओल्या असताना उभ्या चिरल्या, भाजल्या आणि एका नळीची दोन कौलं केली. सुकलालच्या वाट्याला चाक आलं नाही, छपरं आली. दर उन्हाळ्यात लोकांच्या घरांवर चढून कौलं चाळायची, म्हणजे फुटकी काढायची, सरकलेली नीट बसवायची. आता घरोघर स्लॅब आणि पत्रे झाले तेव्हा तो खाली उतरून फरशा बसवायला शिकला. तो म्हणायचा, टाइल म्हणजे दुसरं काय, तीही भाजलेली मातीच. पूर्वी डोक्यावर होती, आता पैसा आला तशी पायाखाली आली.

व्याही प्रेमराज यांच्या पुढच्या खोलीतल्या चकचकीत टाइल्स सुकलालनेच बसवल्या होत्या. लग्न ठरताना प्रेमराज गोड हसून म्हणाले होते, तुमच्या हातचंच काम आहे, तुमची पोरच त्यावर चालणार. पोर त्यावर झाडू मारायला तेवढी चालायची. झोपायला तिला आणि तिच्या नवऱ्याला, अभिमनला, मागची खोली होती, गोठ्याला लागून, जुन्या कौलांची.

विहीण भिकुबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, म्हणून सुकलालने तांब्याला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, "ललिता कोठे शे?"

"जामनेरले गयी. नणंदना घर. बाळंतपण शे ना तिनं."

"मंग फोन काबर उचलत नही?"

भिकुबाईंनी पदर सावरला आणि प्रेमराजांकडे पाहिलं. प्रेमराज सुपारी कातरत म्हणाले की तिकडे रेंज नाही. जामनेर म्हणजे भला मोठा तालुका, बाजार समितीचं गाव. तिथे रेंज नाही असं सांगणाऱ्याचं धाडस मानलं पाहिजे. मुलीचा बाप व्याह्याच्या ओसरीवर खोटं पकडत नाही, गिळतो. सुकलाल उठला, पिशवी उचलली, म्हणाला की मग निघतो.

इथे प्रेमराजांनी त्याला जाऊ दिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण फुकटचं सोडवत नाही ना. कौलं चाळणारा माणूस आता पंचक्रोशीत शोधून सापडत नाही, आणि हा तर दारात उभा, वर घरचा.

"उनाच शेतस ते गोठानं छप्पर देखी ल्या," प्रेमराज म्हणाले. "वांदरेसनी पार चुरा करी टाका. मांगली खोली राहू द्या, ती चांगली शे."

सुकलालला तरी कुठे जायचं होतं. निघायला पायच तयार नव्हते. शिडी लावून तो चढला.

ज्याने हे काम केलेलं नाही त्याला वाटतं, कौलं नुसती ठेवलेली असतात. तसं नसतं. एक ओळ उताणी, तिच्या दोन कडांवर पालथी, अशी सगळी एकमेकांना धरून असतात. खालचं एक बदलायचं तर वरची चार हलवावी लागतात. गोठा आणि मागची खोली यांच्यामध्ये खाली भिंत होती, पण वर छप्पर एकच होतं, आणि फुटलेली ओळ सरळ खोलीवर गेली होती. सुकलालला व्याह्यांचं बोलणं आठवलं. तरी त्याने एक कौल उचललं, कारण अर्धवट ओळ सोडून उतरणं त्याला या जन्मात जमलं नसतं.

खाली खोलीत उन्हाचा एक पट्टा पडला. त्या पट्ट्यात ललिता बसली होती.

तिने वर पाहिलं. उजवा हात ओढणीने गळ्यात बांधलेला होता आणि मनगट फुगून काळंनिळं झालं होतं. कुठे पट्टी नाही, प्लॅस्टर नाही.

"ललिता, काय व्हयनं?"

तिने डावा हात ओठांवर ठेवला. दाराकडे मान वळवली. दाराला बाहेरून कडी होती हे त्याला त्या वळण्यावरूनच समजलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "आबा, झाकी द्या. कोनी देखी लई."

आणि सुकलालने कौल परत ठेवलं.

हो, ठेवलं. माणूस असाच वागतो. लेकीची अब्रू, व्याह्यांची अब्रू, गाव काय म्हणेल, अभिमन जळगावहून कामावरून आल्यावर तिचं काय करील, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि हाताने सवयीचं काम केलं. तो सरकत गोठ्यावर आला. एक कौल बसवलं, ते तिरकं बसलं. दुसरं उचललं, ते हातातून निसटून अंगणात फुटलं. खालून प्रेमराज ओरडले की जपून, जुनी कौलं मिळत नाहीत आता.

सुकलालला काही सुचेना. खाली उतरून भांडावं तर व्याही साफ नाकारतील आणि मार मात्र तिला पडेल. निघून जावं तर पुन्हा कधी शिडी लागेल या घराला? उन्हाने पाठ भाजत होती. शेजारच्या गच्चीवर त्या घरच्या इंदिराबाई आणि त्यांच्या दोन सुना कुरडया वाळत घालत होत्या. त्यांच्याकडे सुकलालने बराच वेळ पाहिलं. मग तो पुन्हा खोलीवर सरकला आणि तेच कौल उचललं.

ललिता जागेवरून हललेली नव्हती. ती अजून वरच बघत होती.

"काढू का?" त्याने विचारलं.

सुकलाल कौल हातात धरून थांबला. छपरावर इतका वेळ काही न करता तो आयुष्यात बसला नव्हता.

"काढा," ती म्हणाली.

त्याने काढायला सुरुवात केली. घाई नाही, आदळआपट नाही. एक पालथं, एक उताणं, एकेक उचलून शेजारी चळत रचत गेला. एक ओळ गेली, दुसरी गेली. आढ्यापासून वळचणीपर्यंत छप्पर उघडं होत गेलं आणि खोलीत ऊन भरलं. लाकडी रिपांच्या जाळीखाली ललिता, तिचं अंथरूण, कोपऱ्यातली झाकलेली ताटली, सगळं दिसू लागलं.

इंदिराबाईंनी गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. "व माय," त्या म्हणाल्या, "ललिता ते जामनेरले गयी व्हती ना?"

त्यांनी ते हळूच म्हटलं नव्हतं. पलीकडच्या गच्चीवरची बाई उठून उभी राहिली. गल्लीतून जाणाऱ्या एकाने सायकल थांबवली.

"याही, काय करी राहिनात? खाले उतरा," प्रेमराज अंगणातून म्हणाले. सुपारी त्यांच्या गालातच राहिली होती.

"छप्पर देखी राहिनू. तुम्हीच सांगं व्हतं ना."

तो उतरला नाही. तिसरी ओळ काढू लागला. आता कडीचा उपयोग काय राहिला होता? भिकुबाई गेल्या आणि मुकाट्याने दार उघडून आल्या. मग सुकलाल शिडीवरून खाली आला. ललिता पुढच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा गल्लीत बरेच लोक उभे होते, आणि इंदिराबाई, हातांना कुरडयांचा चीक तसाच असताना, अंगणात येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यामुळे कोणी तिला अडवलं नाही.

"घरनी गोट घरमा राहू द्या," प्रेमराज आवाज खाली आणून म्हणाले. "आनि छप्पर ते झाकी जा."

"मनी पोर जठे राही, तठलं छप्पर मी झाकसू," सुकलाल म्हणाला. उघडं छप्पर मागे टाकून तो आजवर कुठून निघाला नव्हता.

महामार्गावर त्यांना जळगावकडे जाणारी काळीपिवळी मिळाली. हाडांच्या डॉक्टरकडे आधी जायचं, मग पोलिसांकडे, मग गावी, असं सुकलाल सारखं बोलत होता. कोणी पाठलाग करतंय का म्हणून मागे वळून पाहत होता. अखाजीला माहेरी जाणारच म्हटल्यावर अभिमनने हात पिरगाळला, हे ललिताने एका वाक्यात सांगितलं आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. उसाचा रस पिणार का, हात दुखतो का, गाडी हळू चालवायला सांगू का, सगळ्याला ती नुसती मान हलवायची.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आबा, पहिले कौल परत काबर ठेवं?"

सुकलालला वाटलं होतं, हे कोणी विचारणार नाही.

"तूच सांगं ना, झाकी द्या."

"मी ते तेच सांगसू ना, आबा," ललिता म्हणाली.

त्याला तिचे ते सगळे ‘बठ्ठं बरं शे’ म्हणणारे फोन आठवले. तिचा चांगला हात सीटवर होता. तो त्याने धरला आणि जळगाव येईपर्यंत सोडला नाही.