दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. पाच मजल्यांच्या एका इमारतीच्या पोटातून वर-खाली करण्यात माझा जन्म गेला. मी लिफ्ट. हल्लीच्या चकचकीत पत्र्याच्या लिफ्टसारखी नव्हे. माझी खोली लाकडाची आणि दार लोखंडी जाळीचं, हाताने ओढून लावायचं. ते नीट लागलं नाही, तर मी जागची हलत नाही. लोक त्याला माझा हट्ट म्हणतात.

कारखान्यात मला घडवलं, तेव्हा माझ्या सांध्यासांध्याला तेल पाजलं होतं. गच्चीवरच्या खोलीत माझी मोटर बसली, पोलादी दोर चढले, आणि पहिल्याच दिवशी इमारतीतली झाडून सगळी माणसं उगाचच एकदा वर जाऊन खाली आली. माझी पितळी मूठ रोज पुसली जायची. पण कौतुकाचे दिवस लवकर सरतात. मूठ काळवंडली, आरसा तडकला, आणि थांबताना माझे ब्रेक करकरू लागले. "चालतेय ना? मग चालू दे," असं म्हणून जो तो आपापल्या मजल्यावर उतरून जाई.

माझ्या इमारतीत दोन जावा राहत होत्या. थोरली पाचव्या मजल्यावर, धाकटी तिसऱ्यावर. थोरलीने जन्मभर शाळेत शिकवलं, म्हणून तिला सगळे 'बाई' म्हणत. बाई रोज पहाटे खिडकीशी बसून बायबल वाचत. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी दहा-बाराजण जमत. एखादा उतारा वाचायचा, बाईंनी त्याचा अर्थ उलगडून सांगायचा, मग प्रार्थना. परतताना मंडळी माझ्यात दाटीवाटीने उभी राहत. "बाई बोलल्या की वाटतं, हे वचन माझ्यासाठीच लिहिलंय," असं कुणी म्हणे. मी काही शास्त्र शिकलेली नाही. मला जे कळलं, ते असं उतरता उतरता कानावर पडलेलं.

धाकटी घरी शिवणकाम करायची. म्हाताऱ्या सासूबाई तिच्याजवळ होत्या. त्यांचे पाय गेले होते. रोज सकाळी धाकटी त्यांना खुर्चीत बसवून, खुर्ची ओढत माझ्यात आणायची आणि उन्हात न्यायची. मी हलले की खुर्ची घसरू नये, म्हणून आपला पाय आडवा लावून उभी राहायची.

"आई, घट्ट धरा हं. स्वारी निघाली!"

"हळू ने गं. मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

दोघी हसायच्या. त्या हसण्याने माझ्या फळ्यासुद्धा थरथरायच्या.

मग सासूबाई वारल्या. शवपेटी खाली, माझ्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत ठेवली होती. चर्चचे पाळक आले, शेजारी आले, शुक्रवारची मंडळी आली. प्रार्थना संपली आणि त्या शांततेत बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरला वेळेवर बोलावलं असतं, तर आई आज असत्या. पण सांगणार कुणाला?"

धाकटीने मान वर केली. लोकांच्या नजरा तिच्याकडे वळल्या आणि पटकन खाली गेल्या.

त्यानंतर तिने शुक्रवार सोडला. जाळीतून बाई दिसल्या की ती जिन्याकडे वळायची. बाई पुस्तकात डोकं घालायच्या. दोघींचं वेगवेगळं वजन मला पाठ होतं, पण त्या दिवसापासून दोघींना एकत्र मी कधी पेललंच नाही. बाईंचं वाचन मात्र चालूच होतं. पहाटे खिडकीशी, शुक्रवारी मंडळींपुढे, रविवारी चर्चमध्ये.

अशाच एका रविवारी उपासनेतला शास्त्रपाठ बाईंकडे होता. पाचव्यावरून निघताना त्या मोठ्याने सराव करू लागल्या. उतारा होता वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाचा. भावाच्या मनात आपल्याविषयी काही तक्रार आहे हे तिथे आठवलं, तर अर्पण तसंच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा आणि मग परत यायचं, असं प्रभूने सांगितलं आहे. बाईंचा आवाज खणखणीत होता. चौथा मजला गेला. तिसऱ्यावर मी थांबले.

बाहेर धाकटी उभी होती. तिचा पाय मुरगळला होता आणि पट्टी बदलायला तिला दवाखान्यात जायचं होतं. तिने जाळीतून आत पाहिलं. मग जिन्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायाकडे. शेवटी दात आवळून ती आत आली आणि बाईंकडे पाठ करून उभी राहिली. बाईंचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

मी निघाले. दुसरा मजला मागे पडला आणि माझा झिजलेला ब्रेक सुटला. मी कोसळले असते, पण माझ्या पोटाखाली अशा वेळेसाठीच बसवलेल्या पोलादी पकडींनी दोन्ही बाजूंचे रूळ धरले. जबरदस्त धक्का बसला. दिवा गेला.

"काय झालं?" धाकटी किंचाळली.

खालून चौकीदार ओरडला, "हलू नका! आत कोण आहे?"

"आम्ही दोघी," बाई म्हणाल्या.

"मिस्त्रीला बोलावलंय. अजिबात हलू नका!"

वरच्या मजल्यावरून थोडा उजेड जाळीतून झिरपत होता. धाकटी कोपऱ्यात टेकली. तिला अंधारात कोंडून पडायची आधीच भीती, त्यात श्वास जोरात चालू लागला.

"घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. "प्रार्थना करू या."

"तुम्ही करा."

पानं फडफडली. "धीर देणारं एखादं वचन वाचते."

"मघाशी वाचत होतात, तेच वाचा," धाकटी म्हणाली. "मी आल्यावर थांबलात का?"

बाईंनी पुस्तक उजेडाकडे धरलं. वाचायला लागल्या, पण तो खणखणीतपणा कुठे गेला कोण जाणे. भावाच्या मनातल्या तक्रारीपाशी आल्या आणि थांबल्या. तेवढ्यात माझी एक पकड निसटली. मी वीतभर खाली सरकले. धाकटीने किंकाळी फोडून बाईंचा दंड धरला.

माझा सगळा भार आता उरलेल्या पकडीवर होता. मला जीव आहे की नाही ठाऊक नाही, पण तेव्हा तो टांगणीला लागला होता.

"डॉक्टर दोनदा येऊन गेले होते," बाई एकदम म्हणाल्या. "मला माहीत होतं."

धाकटीने वळून बाईंकडे पाहिलं.

"तुझे निरोप येत होते मला. आईंनी माझं नाव काढलं होतं, तेही तू कळवलं होतंस. मी आले नाही. शुक्रवारच्या मननाची तयारी करत बसले. दोन मजले उतरायचे होते फक्त. मग त्या गेल्या, आणि मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. म्हणून तुझ्यावर ढकललं."

"आत्ता सांगताय," धाकटी म्हणाली. "मरण समोर दिसलं तेव्हा."

"हो."

"तेव्हा सगळ्यांसमोर बोललात. आता अंधारात, मला एकटीला."

पण तिने बाईंचा दंड सोडला नव्हता.

अखेर मिस्त्री आला. गच्चीवर चढून त्याने मोटरचं चाक हाताने फिरवायला घेतलं. आधी मला केसभर उचलून पकड मोकळी केली, मग बोट बोट खाली सोडलं. मी तळाला टेकले. जाळी उघडली. बाहेर सगळी इमारत लोटली होती. चर्चला निघालेली शुक्रवारची मंडळीही होती. कुणी धाकटीला पायरीवर बसवलं, कुणी पाणी दिलं.

"देवाने वाचवलं, बाई!" एकजण म्हणाली. "चला आता. शास्त्रपाठ तुमचा आहे, घंटा होईल."

बाईंनी केस सारखे केले. धाकटी पाण्याच्या पेल्यात बघत होती. बाई फाटकाकडे चालू लागल्या. माझ्या उघड्या दारातून मी बघत होते. त्या फाटकाशी पोहोचल्या. त्यांचा हात कडीवर गेला.

आणि त्या तिथेच थांबल्या.

"बाई, उशीर होतोय."

"आज दुसऱ्या कुणाला वाचायला सांगा," बाई म्हणाल्या. "वाचलं ते करायचं माझं राहिलंय."

त्या परत आल्या. पायरीपाशी, सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "आई गेल्या, तेव्हा याच जागी मी हिला बोलले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे होतात. ते खोटं होतं. हिने डॉक्टर आणले, हिने रात्री जागवल्या. दोन मजले उतरून आली नाही, ती मी." मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "मला क्षमा कर."

चौकीदाराने उगाचच टोपी काढून हातात घेतली.

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. तिने ते मनगटाने पुसलं. "पाय ठणकतोय," ती म्हणाली. "दवाखान्याचं नंतर बघू. आधी घरी जाऊन पडायचंय, आणि लिफ्ट तर मेलीय. तीन मजले मला कोण चढवणार?"

"मी."

"तुम्हीच धापा टाकाल, ताई."

ताई म्हणाली ती. ते मी नीट ऐकलं.

दोघी जिना चढू लागल्या. मला दिसत नव्हतं, पण आवाज येत होता. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं पाऊल. पहिल्या मजल्याच्या वळणावर धाकटीचा आवाज आला, "शास्त्रपाठ आता कोण वाचेल?"

"वाचेल कुणीतरी."

"नाहीतरी तुम्ही फार घाईने वाचता."

त्यावर बाई हसल्या की रडल्या, ते मला ओळखता आलं नाही.

मित्रांनो, माझे ब्रेक बदलले आहेत, दोरही नवे आहेत. मिस्त्री दर महिन्याला येऊन मला तपासून जातो. एवढी काळजी आधीच घेतली असती, तर तो धक्का टळला असता. म्हणून सांगते, रोजच्या वापरातल्या वस्तूकडे दुर्लक्ष करू नका, आणि रोजच्या माणसाकडे तर नकोच. आणि कधी सकाळी देवाचं वचन वाचत असताना मनात कुणाचं तरी नाव आलं, तर पान पुढे उलटू नका. पुस्तक तसंच उघडं राहू द्या, उठा, आणि आधी त्या माणसाचं दार वाजवा. पुढचं परत येऊनही वाचता येतं.