उपरण्याखालचा भाव

भाव उघड्यावर बोलला की त्याला नजर लागते, असं विरूपाक्ष शेटजींचं मत. देवणीच्या बैलबाजारात उभा जन्म दलाली केली, ती सगळी उपरण्याखाली. वर तोंडानं हवापाण्याच्या गप्पा, खाली बोटं दाबून आकडे. पुढं लातुरात गाळे घेतले, तरी उपरणं काही खांद्यावरून उतरलं नाही.

त्यातल्याच एका गाळ्यात त्यांची धाकटी भावजय दानम्मा कॉफी विकायची. माझं भांड्यांचं दुकान शेजारीच, त्यामुळं सगळं बसल्या जागी दिसतं. चहावर पोसलेल्या लातूरकराला कॉफी पाजणं म्हणजे बैलाचं दूध काढणं. बाईनं तेही काढलं. माल यायचा कर्नाटकातल्या डोंगरातून, महांतेशच्या दोन एकरांतून. सावलीतली झाडं, पिकलेलीच फळं हातानं वेचलेली. भाव तोडणीआधीच ठरायचा. यंदा किलोला सहाशे, आणि तो आकडा दानम्मानं दुकानातल्या पाटीवर खडूनं लिहून टाकलेला. त्या पाटीनं शेटजींच्या पोटात दुखायचं.

महांतेश पोती घेऊन उतरला, तेव्हा दानम्मा दुधाला गेली होती. शेटजींनी त्याला मानानं बसवलं, हातावर उपरणं टाकलं आणि आतून तीन बोटं दाबली. पाहुण्याला वाटलं, म्हातारा माया करतोय. त्यानंही दुसरा हात वर ठेवून प्रेमानं दाबला आणि कानडीतून हो-हो म्हणाला. "हौदु, हौदु."

"झाला सौदा!" शेटजी गरजले. "समदी पोती माझी!"

दानम्मा किटली घेऊन दारातच. "कितीला झाला, भावजी?"

"झाला म्हणलं की. बोटाचा शब्द फिरत न्हाई."

"फिरवा कोण म्हणतंय? आकडा तेवढा मोठ्यानं सांगा. गिऱ्हाईक बसलंय, त्यान्लाबी कळू द्या."

शेटजी पाटीकडं बघेनात. तीन बोटांचे तीनशे तोंडावाटे काढायचे कसे?

महांतेशच्या डोक्यात आता उजेड पडला. "अक्का, मी नमस्कार समजलो!"

गिऱ्हाईक खो खो हसलं. शेटजी लाल झाले.

"तुमचा बाजार बैलाचा, भावजी," दानम्मा म्हणाली. "बैलाला कुणी भाव इचारत न्हाई. ह्याला तोंड हाय. ह्याला माझा शब्द गेलाय, पोती मीच घेणार. सहाशेनं."

"आन गाळा कुणाचा हाय?"

"तुमचा. घ्या." तिनं कमरेची किल्ली काढून उपरण्यावर ठेवली. "शेगडी माझी, पाटी माझी. महांतेश, उचल पोती."

दुपारी समोरच्या लिंबाखाली हातगाडा लागला. तिनं आधी पाटी टांगली, मग शेगडी पेटवली. अर्धी सावली, अर्धं ऊन. भरल्या दुकानातली बाई रस्त्यावर आली, असा हिशेब मी मांडत होतो. तेवढ्यात माझंच गिऱ्हाईक पातेलं ठेवून तिकडं गेलं.

शेटजी रिकाम्या गाळ्याच्या पायरीवरून ओरडले, "उन्हात करपंल तुझा भाव!"

"करपू द्या, भावजी," ती दूध ढवळत म्हणाली. "वाचता तर येतोय!"