तीन डाव्या पायांचा बैल

तेजराम ॲनाटॉमीत नापास झाला, ही गोष्ट आसगावात कोणाला माहीत नव्हती. आसगावात तो डॉक्टर होता. ढोरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात त्याचं नाव लागलं, त्याच आठवड्यात गावानं त्याला पदवी देऊन टाकली. कॉलेजचं काम जरा सावकाश चाललं होतं.

सन शहात्तरची दिवाळी. सुट्टी संपली की फेरपरीक्षा, आणि तीत आपटला की कॉलेजातून नाव कमी. अडचण हाडांच्या नावांची नव्हती. नावं त्यानं घोकून पाठ केली होती. पण परीक्षक एक हाड हातात देत आणि विचारत, "डावं की उजवं?" इथं तेजरामची गाडी अडायची. मग तो चेहऱ्यावर विचार आणायचा आणि अंदाजानं काहीतरी ठोकून द्यायचा. अंदाज निम्म्या वेळा तरी बरोबर यायला हवा होता. पण तेजरामचं नशीब असं चिकाटीचं, की दर वेळी चुकीचंच उत्तर हुडकून काढायचं.

वरच्या वर्गातल्या धनीरामला त्याची दया आली. त्यानं एका बैलाच्या चारही पायांची हाडं, उकळून, घासून स्वच्छ केलेली, पोत्यात भरून दिली.

"घरी निवांत बस. एकेक हातात घेऊन फिरवून पाह्य. पुस्तकातून हे येत नाही गड्या."

भंडाऱ्याला बस बदलताना कंडक्टरनं पोत्याला पाय लावला. पोतं खडखडलं.

"काय आहे याच्यात?"

"बैल," तेजराम म्हणाला. प्रवासानं तो वैतागला होता.

"जनावर गाडीत चालत नाही."

"मेलेला आहे."

"मेलेला तं अजिबातच चालत नाही. टपावर टाक."

घरी पोचल्यावर तेजराम हातपाय धुवायला गेला, तेवढ्यात त्याच्या मायनं, गिरजाबाईनं, धुण्याचे कपडे असतील म्हणून पोत्यात हात घातला. तिच्या हाती मांडीचं हाड आलं. ती जी ओरडली, ते ऐकून शेजारचे लोक काठ्या घेऊन आले. त्यांना वाटलं, साप निघाला.

"माय, अभ्यासाचं सामान आहे ते!"

"अभ्यास? ज्याच्या मानेवर आपण जू ठेवतो, पोळ्याले ज्याच्या पाया पडतो, त्याचे पाय तोडून पोत्यात भरले, अन् अभ्यास म्हणते!"

"मी नाही तोडले वो माय. तो आपल्या मौतीनं मेला."

"तुले काय माहीत? तू होता तिथं?"

पोतं घराबाहेर गेलं पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पण त्याला हात कोण लावणार? तेजरामनं उचलतो म्हटलं, तर त्याच्या बापाला, श्यामरावांना, ते पटेना. भरल्या आळीतून आपला डॉक्टर मेलेलं ढोर वाहणार! नेमका तेव्हाच परसराम मेश्राम रस्त्यानं सायकलवर डाक वाटत चालला होता. श्यामरावांनी त्याला हाक मारली आणि जुन्या काळची आठवण काढत, मोठ्या लाडीगोडीनं पोत्याचा विषय काढला.

परसरामनं सायकल स्टँडवर लावली. पोत्याकडे पाहिलं, तेजरामकडे पाहिलं.

"श्यामरावजी, माझ्या बापानं छप्पन साली हे काम सोडलं. तवा तुमच्या वडलायनं त्याले विचारलं होतं, आता गावची ढोरं उचलंल कोण? लय फिकीर होती त्यायले." तो सायकलवर बसला. "निघाला ना कोणीतरी. तोही तुमच्याच घरचा. अन् कॉलेजात शिकून!"

आळी हसली. श्यामराव घरात गेले. पोतं तेजरामनंच उचलून कोठ्यात बैलांजवळ ठेवलं.

तिथं दोन दिवस अभ्यास झाला. म्हणजे तेजराम एकेक हाड हातात घेऊन फिरवी आणि कोणीतरी दारात येऊन उभं राही. कोणाची शेळी खोकत होती, कोणाची म्हैस फळत नव्हती. मालनबाई तर स्वतःची कंबर घेऊन आली.

"काकी, मी ढोराचा डॉक्टर."

"मंग ढोरासारखीच कामं करतो ना मी! पाह्य."

पाडव्याला गिरजाबाईनं रीतीप्रमाणे बैलांना खिचडी चारली. डावीकडचा बैल तिचा लाडका, म्हणून त्याला अख्खी परात. दुसऱ्या दिवशी त्या बैलानं तणशीला तोंड लावलं नाही. तो पोट फुगवून, मान खाली घालून उभा.

"तेजराम, पाह्य याले काय झालं."

"खिचडी जास्त झाली असंल. उपाशी ठेव. बाकी पोटाचं आमाले तिसऱ्या वर्षाले आहे."

"अन् तोपर्यंत त्यानं काय करावं?" श्यामरावांनी विचारलं.

 उत्तर गिरजाबाईकडे होतं. आपल्या भावाचे पाय पोत्यात भरलेले रोज डोळ्यांसमोर पाहून बैलाची अन्नावरची वासना उडाली, यात तिला काही शंका नव्हती. खिचडीचा विषय तिनं निघूच दिला नाही. हाडं पवनीला नेऊन वैनगंगेत सोडायची. तोवर बैल जेवत नाही तर तीही जेवणार नाही.

"माय, परीक्षा आहे माझी! यात नापास झालो तं कॉलेजातून काढतीन."

"काढू दे. उपाशी बैलाच्या शापानं कोणी पास होते काय?"

दुपारपर्यंत तिनं चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेजरामनं पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधलं. मायबाप एसटीनं गेले.

पवनीच्या घाटावर त्यानं पोतं उचललं आणि सरळ नदीत उपडं करायला निघाला. गिरजाबाईनं त्याचा हात धरला.

"असं नाही. आधी समोरचा डावा पाय, मंग उजवा, मंग मागचे. सरमिसळ झाली तं बिचारा पुढल्या जन्मी लंगडत येईन."

"असं कुठं लिहिलं आहे?"

"तू शिकला ना? मंग सांग. हे कोणतं?"

"डावं," तेजराम म्हणाला.

तिनं ते खांद्याचं पसरट हाड पायरीवर एका बाजूला ठेवलं. पोत्यातून तसलंच दुसरं काढलं. "हे?"

"हे... हेही डावं."

"अन् हे मांडीचं?"

"डावंच समज वो माय. आटप."

गिरजाबाईनं मांडलेल्या हाडांकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "समोर दोन डावे, मांगं एक डावा. इकडे तीन पाय अन् तिकडे एक! हा बैल चालत कसा होता रे?"

"म्हणूनच मेला असंल," वरच्या पायरीवर बिडी ओढत श्यामराव म्हणाले.

"बाबा, तुमी तरी गप राहा!"

"डाक्टर म्हणते स्वतःले," गिरजाबाई म्हणाली. "नीट लावल्याशिवाय एकही हाड पाण्यात जाणार नाही, अन् माझ्या पोटात घास जाणार नाही."

ऊन चढलं. धुणं धुणाऱ्या बाया धुणं सोडून पाहू लागल्या. तेजरामनं हाडं उलटी केली, सुलटी केली, कॉलेजच्या नावानं दातओठ खाल्ले. शेवटी डोकं इतकं फिरलं, की तो पायरीवर हात आणि गुडघे टेकून, चार पायांवर, बैलासारखाच उभा राहिला आणि एका हातानं मांडीचं हाड आपल्या मांडीला लावून पाहू लागला. बायांनी तोंडाला पदर लावले. श्यामरावांनी नदीपलीकडे काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखी नजर तिकडे वळवली.

हाडाच्या वरच्या टोकाला गोल डोकं होतं. ते खुब्यात बसायचं, म्हणजे आतल्या अंगाला पाहिजे. गुडघ्याची खाच समोर पाहिजे. या मांडीला लावलं तर डोकं बाहेर जातं. मग हे त्या मांडीचं. म्हणजे उजवं.

त्यानं दुसरं घेतलं. ते डावं निघालं. मग खांद्याची, मग नळ्या. एकेक हाड आपली जागा आपणच सांगू लागलं. घटकाभरात पायरीवर बैलाचे चार पाय, धड नसलेले, पण चालायला तयार, असे मांडले गेले.

"माय!" तेजराम उभा राहिला. त्याचे गुडघे सोलले होते. "जमलं मले! आता हे राहू दे माझ्याजवळ. परीक्षेपर्यंत. फक्त तेवढंच."

"आता तर अजिबातच नाही," गिरजाबाई म्हणाली. "आता तो पुरा झाला."

आणि तिनं समोरचा डावा पाय पाण्यात सोडला.

ते घरी आले तेव्हा बैल तणीस खात होता. गिरजाबाईनं तेजरामकडे असं पाहिलं, की खिचडीबद्दल बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

कॉलेजात धनीराम हाडं मागायला आला. ती वैनगंगेत गेली, हे त्याला कळलं. "पुढच्या नापासायले आता काय देऊ?" एवढंच तो म्हणाला आणि निघून गेला.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. जेवणानंतरची वेळ; त्यांना झोप येत होती. त्यांनी टेबलावरच्या मांडीच्या दोन हाडांतलं एक उचललं आणि स्वतःच म्हणाले, "हं, हे डावं फीमर. याच्यावरच्या खुणा सांग."

तेजरामनं नुसती मान हलवली असती तर सुटला असता. खुणा पाठ होत्या. पण घाटावरच्या त्या दिवसानं त्याची अंदाजानं ठोकून द्यायची सवय कायमची बिघडवली होती.

"सर, उजवं आहे."

परीक्षकांची झोप उडाली. "मी डावं म्हणतोय."

"म्हणा सर. पण डावं तुमच्यापुढं टेबलावर आहेच. हेही डावं म्हटलं तर त्या बैलानं उजवीकडून उभं कशावर राहावं?"

शेजारी बसलेले कॉलेजचे सर छताकडे पाहू लागले. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. दोन्ही हाडं शेजारी शेजारी धरली. फिरवली. पुन्हा फिरवली. 

परीक्षकांनी हाडं खाली ठेवली.

"मुलगा उद्धट आहे," ते शेजारच्या सरांना इंग्रजीत म्हणाले. "पास करा आणि बाहेर काढा."