पाच ताऱ्यांचा कागद

मी एक कागद बोलतोय. पूर्वी काचेच्या फ्रेममधला, सोनेरी काठाचा. या इमारतीत वीज कमी लागते, उन्हाळ्यात घरं फार तापत नाहीत, असं सांगणारं प्रमाणपत्र. माझ्या छातीवर पाच तारे आहेत. म्हणजे होते. चार वर्षं ते मिरवून मी थकलो.

माझा जन्म महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका लहानशा ऑफिसात झाला, वैदेहीच्या टेबलावर. इमारतींची तपासणी करून त्यांना तारे द्यायचं तिचं काम. परवाना नवाकोरा होता. मिहानजवळच्या एका सात मजली इमारतीचे नकाशे बिल्डरनं तिला पाठवले. गच्चीच्या फरशीखाली उष्णता अडवणारा जाड थर आहे, असं नकाशात होतं. थर अंथरतानाचे फोटोही सोबत होते. ते कोणत्या गच्चीचे, हे मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

वैदेहीनं स्वतः जाऊन बघायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि बिल्डरचा रोज फोन. "मॅडम, फोटो तर पाठवले ना!" तिनं पेन उचललं, जराशी थांबली, आणि सही केली.

मला लॉबीत लिफ्टशेजारी टांगलं. येणारेजाणारे नुसते तारे मोजत आणि पुढे जात. मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस एकच, बाबाराव. कळमेश्वरच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला वाचलं आणि बायकोला म्हणाले, "वरचाच मजला घेऊ वं. इथं लिहून आहे, छत तापत नाही म्हणून."

शोभाताईंना ऊन सोसत नसे. पण लिहिलेलं आहे म्हटल्यावर त्याही हो म्हणाल्या.

पहिल्याच मे महिन्यात त्या खाली येऊन बसायला लागल्या. घरात कूलर गरम वारा फेकायचा, एसीचा काही उपयोग नव्हता. माझ्या खालच्या बाकावर, डोक्यावर ओला पंचा घेऊन त्या दुपार काढत. तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा बसल्या जागीच कलंडल्या. चौकीदार चंद्रभाननं ऑटो आणला. चार दिवस त्या दवाखान्यात होत्या. मी आपला भिंतीवर, पाच तारे लावून.

चौथ्या वर्षी बाबारावांनी माझ्यावरचा नंबर फिरवला. "मॅडम, सही तुमचीच हाये न? मंग एक डाव आमच्या घरी येऊन बसा. काही करू नका. फक्त बसा."

वैदेही आली. दुपारचे तीन वाजले होते. बाबारावांनी मला खिळ्यावरून काढलं. "यालेही वर येऊ द्या," म्हणाले. चार वर्षांत मी पहिल्यांदाच सातव्या मजल्यावर गेलो.

शोभाताईंनी तिला पन्हं दिलं. ग्लास रिकामा व्हायच्या आत तिची ओढणी घामानं भिजली. तिनं तापमान मोजायचं यंत्र छताकडे धरलं, आकडा बघितला, पुन्हा धरलं. मग म्हणाली, "काका, गच्चीवर जाऊ."

बाबारावांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि मला काखेत मारलं. कोपऱ्यातली एक फरशी उचकटली. खाली सिमेंट, आणि त्याखाली सरळ स्लॅब. थर कुठंच नव्हता.

वैदेही तापलेल्या फरशीवर तशीच बसली. "काका, मी इथं आलेच नव्हते. फोटो पाहून सही केली."

बाबारावांनी हातोडा खाली ठेवला. "मी तं तुमच्या सहीवर घर घेतलं, पोरी."

शोभाताई गच्चीच्या दारातून म्हणाल्या, "खाली चाल वं माय. तुले ऊन लागन."

फरशी उचकटल्याची खबर बिल्डरपर्यंत पोचली. संध्याकाळी त्याचा वैदेहीला फोन आला. "काहून उकरून राहिल्या मॅडम? परवाना तुमचाच जाईन." तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग बाबारावांच्याच जेवणाच्या टेबलावर अर्ज लिहिला: 'मी प्रत्यक्ष पाहणी न करता हे प्रमाणपत्र दिले. ते रद्द करावे.' या वेळी सही करताना ती थांबली नाही.

तिचा परवाना वर्षभरासाठी गेला. बिल्डरवर केस झाली; तो तारखा घेतोय. सोसायटीतले काही जण बाबारावांशी बोलेनासे झाले, इमारतीचं नाव खराब केलं म्हणून. गच्चीला पांढरा रंग मारलाय. शोभाताई म्हणतात, थोडा फरक आहे. थोडाच.

मी आता केसच्या फाइलीत आहे. फ्रेम गेली. अंगावर आडवा, लाल 'रद्द' बसलाय. तो बसताना मला दुखलं नाही. माझ्यावरचा तेवढाच एक शब्द खरा आहे.

माझ्यासारखे कागद अजून पुष्कळ लॉबींत टांगलेले असतील. त्यांच्यावर सही करणाऱ्यांनो, आधी जिना चढा. मे महिन्यात, दुपारी. एवढंच सांगायचं होतं. आता फाइल मिटा. मला जरा पडू द्या.