वरच्या पट्टीची माती

शहरातल्या हॉटेलातली चांगली नोकरी सोडून सून डोंगरावर राहायला आली, ती एका खोलीच्या भरवशावर. खोली अजून बांधायची होती. घरामागच्या उतारावर सासऱ्यांची शेतं पायरीपायरीने वर चढत गेलेली. त्यातल्या सगळ्यात वरच्या पट्टीवर पाहुण्यांसाठी खोली, तिला मोठी खिडकी, खिडकीत अख्खं खोरं, असा तिचा बेत होता. खाली पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या दोन खोल्या होत्याच, पण त्यांत एकदा आलेला पाहुणा दुसऱ्यांदा येईना. "वरची खोली झाली की बघ," ती नवऱ्याला म्हणायची. "नाही झाली तर मात्र गाशा गुंडाळायचा." नवरा मान डोलवायचा. लग्न झाल्यापासून त्याला त्याचा चांगला सराव झाला होता.

पाहुणे न टिकण्याचं एक कारण, तिच्या मते, घरातच होतं. या घराण्याला गावात टोपलीवाले म्हणत, आणि ते काही उगाच नाही. डोंगर रिकाम्या हाताने चढणारा माणूस दिसला की या लोकांना चैन पडत नसे. खाली ओढ्याकाठी शेतांत भर घालायला काढलेला गाळाचा ढीग, शेजारी टोपल्या आणि डोक्याला टोचू नये म्हणून कापडाच्या चुंबळी. वर जायचंय? घ्या टोपली. सोयरीक जमवायला आलेल्यांनाही यातून सूट नव्हती. सासूबाईंचे वडील मुलगा बघायला आले ते डोक्यावर माती घेऊन, घामाघूम होऊन, हे घरात अजून चवीने सांगितलं जाई. विश्रांतीसाठी आलेल्या एका डॉक्टरांच्या हातातही सासऱ्यांनी अशीच टोपली दिली, तेव्हा सुनेने कपाळाला हात लावला. डॉक्टर भले गृहस्थ, त्यांना तो व्यायामाचा प्रकार वाटला. वर पोचून त्यांनी फोटोही काढून घेतला, पण पुन्हा काही इकडे फिरकले नाहीत. सून स्वतः टोपली चुकवायला मागची वाट धरायची.

या सगळ्याचं मूळ सासऱ्यांच्या आईपाशी होतं. भावाभावांच्या वाटणीत तिच्या नवऱ्याच्या पदरात हा डोंगर पडला, म्हणजे निव्वळ खडक. थोरल्यांनी सपाट जमीन घेतली आणि वर "इथली हवा छान आहे" असंही ऐकवलं. नवऱ्याने हाय खाल्ली. तिने टोपली उचलली. शेवटी लाजेकाजेने तोही उठला आणि दगडाचे बांध रचू लागला, आणि त्या बांधांमागे ती ओढ्याची माती ओतत राहिली. हे सुनेला माहीत होतं. रात्रीच्या जेवणाला ती पाहुण्यांना हे मीठमसाला लावून सांगायचीही. आजेसासूचं कौतुक तिला होतं, पण भिंतीवरच्या फोटोचं असावं तेवढंच.

तिने खोलीचा विषय काढला तेव्हा सासऱ्यांनी एकदा वरच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बांध. तुझंच आहे सगळं." आपण उगाच कंबर कसून आलो, असं तिला वाटलं.

गवंडी आला. "गुडघाभर खणलं की खडक लागेल. डोंगर आहे, खडक जातोय कुठे?" असं म्हणून त्याने बांधालगत पहिला खड्डा घेतला. सासरे बांधावर बसून बघत होते. गवंडी गुडघ्यापर्यंत आत गेला, माती. कमरेपर्यंत गेला, तरी मातीच, काळी आणि भुसभुशीत. छातीपर्यंत उतरल्यावर त्याने वैतागून पहार उभी मारली, तर तीही निम्मी आत गेली.

"वहिनी, हे काही खरं नाही," तो आतून म्हणाला. "ही डोंगराची माती नाही. भरलेली आहे. कोणी भरली एवढी?"

"माझ्या आईने," सासरे म्हणाले.

सून कडेशी गेली. गवंड्याचं नुसतं डोकं आणि खांदे वर दिसत होते, आणि तो काही बुटका नव्हता. तिने खाली पाहिलं. ओढा इथून दोऱ्याएवढा दिसत होता. मग पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. तिथपर्यंत भाजीचे वाफे हिरवेगार पसरले होते, आणि त्या सगळ्यांखाली हीच माती होती, एका बाईच्या डोक्यावरून आलेली. तिला लाज वाटली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. असं माणूस या घरात होऊन गेलं आणि आपण त्याला जेवणाला तोंडी लावत होतो.

"पाया खाली नेता येईल," गवंडी म्हणाला. "मात्र ही माती सगळी काढावी लागेल. बांधापलीकडे ढकलून देतो. दिवसभराचं काम."

"नको," सून म्हणाली. "भरून टाका खड्डा. खोली खाली बांधू, घराशेजारच्या उघड्या खडकावर."

"तिथून खोरं दिसत नाही."

"हे बांध तर दिसतात."

मग ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं. मग हो कशाला म्हणालात?"

सासऱ्यांनी गुडघे चोळले. "खोली नाही झाली तर गाशा गुंडाळायचा, असं तू म्हणत होतीस. आपल्या घराच्या भिंती पातळ आहेत."

"म्हणून आजींची माती उकरू दिलीत?"

"माती काय, पुन्हा वाहून आणता येते," सासरे म्हणाले. "माणसं मी कुठल्या ओढ्यावरून आणू?"

सुनेचे डोळे भरून आले. "आम्ही कुठे जात नाही, बाबा," ती म्हणाली, आणि गवंडी अजून आतच उभा आहे हे विसरून फावड्याने खड्ड्यात माती ओढू लागली.