पिरोज्याचा ब्रोच

बीबींनी पेटीतला वरचा कप्पा उचलून पलंगावर ठेवला, खालच्या मखमलीवरून बोटं फिरवली आणि पुन्हा वरचा कप्पा चाचपायला घेतला.

"वजीरा, पिरोज्याचा कुठंय?"

वजीरा त्यांच्या शालीवर इस्त्री फिरवत होती. तिने मान वर केली नाही.

"तिथंच असेल, बीबी."

सकाळीच फोन आला होता. बीबींच्या नातीला मुलगा झाला होता, दिवस भरायच्या आधीच. बीबी सुलतानांच्या घराण्यातल्या, नातं लांबचं. पण घराण्याचे रिवाज त्यांनी मस्कतच्या या शांत घरात जिवापाड सांभाळले होते. ईदेला सोन्याचा खंजिराच्या आकाराचा ब्रोच, लग्नाला मोत्यांचा, कुणाच्या मयतीनंतर भेटायला जाताना साधा चांदीचा. आणि घरातलं नवं बाळ पहिल्यांदा बघायला जाताना खांद्यावर पिरोजा. तो त्यांच्या आईचा. निळ्या खड्याने बाळाला नजर लागत नाही, असं ती म्हणायची.

तो पिरोजा या घडीला शहरातल्याच वादी अदाई वस्तीत, वजीराच्या घरी कपाटात, तिच्या ओढणीला टाचलेला होता.

दाभोळहून शिवणकामासाठी आलेली वजीरा हळूहळू बीबींचा उजवा हात झाली होती. औषधं, कपडे, पेटीची किल्ली, सगळं तिच्या हाती. गेल्या शुक्रवारी पुतणीची, माहनूरची मंगनी होती. गावाहून नणंद अमीरुन्निसा आली होती, बांगड्यांनी कोपरापर्यंत भरलेली. पुसायला काढलेला ब्रोच वजीराने पर्समध्ये टाकला तो तेवढ्या एका कार्यक्रमापुरता. "कुठून आणलास गो?" असं नणंदेने चारचौघींत विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "बीबींनी दिला. माझ्यावर फार जीव त्यांचा." दुसऱ्या दिवशी तो परत आणायचा राहून गेला.

"कुणी नेलं असेल का?" बीबींनी विचारलं. त्या बालपणी मुंबईत शिकलेल्या; वजीराशी हिंदीतच बोलत. मग स्वतःच मान हलवून म्हणाल्या, "घरात कोण नेणार? मीच कुठेतरी ठेवला. परवा हुदाला मी माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ऐकलंस ना तू?"

हीच वेळ होती बोलायची. वजीराने शाल झटकून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि साधी टाचणी लावली.

हॉस्पिटलात बीबींनी बाळाला मांडीवर घेतलं, पण त्यांचा एक हात सारखा खांद्याकडे जात होता. हुदा, त्यांची लेक, आता आजी झालेली, हसून म्हणाली,

"पिरोजा नाही लावला, आई?"

"हरवला." बीबींचा आवाज खाली गेला. "माझ्या डोक्याचा भरवसा नाही राहिला, हुदा. ती पेटी तू घेऊन जा. माझ्याकडे नको."

हुदाचं हसू मावळलं. "उद्या येते," ती म्हणाली. "डॉक्टरांनाही दाखवू एकदा."

वजीरा कोपऱ्यात उभी राहून पाहुण्यांसाठी काहवा ओतत होती. कप भरून बशीत सांडला, तरी तिचा हात थांबला नाही.

संध्याकाळी नवऱ्याला, तय्यबला, तिने सगळं सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "गपचूप पेटीत ठेवून टाक. सापडला म्हणायचं. खलास."

ती ओढणीवरचा ब्रोच सोडवत होती. पेटीत ठेवला की बीबी म्हणणार, समोर असलेलं मला दिसलंसुद्धा नाही. चोरी झाकली जाईल आणि त्या बाईचं वेड पक्कं होईल.

सकाळी हुदा यायच्या आधी वजीरा बीबींच्या पायाशी बसली आणि मूठ उघडली.

"मी नेला होता. मिरवायला. तुम्ही दिला म्हणून सांगितलं लोकांना. आणि काल तुम्ही स्वतःला दोष देत होता, तरी मी गप्प बसले."

बीबी ब्रोचकडे बघत राहिल्या. आता हाकलतील, पोलिसांना बोलावतील, असं वजीराला वाटलं. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं.

"म्हणजे मी विसरले नव्हते?" बीबींनी विचारलं.

"नाही, बीबी."

"पेटीत नव्हताच तो?"

"नव्हता."

बीबींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्या हसायला लागल्या. त्यांनी वजीराचे दोन्ही हात धरले, चोरी केलेले ते हात, आणि कपाळाला लावले. वजीराला हात सोडवून घेता येईना.

"रात्रभर झोपले नाही गं मी. आता हुदाला सांगते, माझं डोकं शाबूत आहे म्हणून. तुझं नाव नाही घेणार. थांब, ऐक. चुकले तर सांग."

त्यांनी पेटी पुढे ओढली आणि शाळकरी मुलीसारख्या एकेक ब्रोच उचलून सांगू लागल्या. खंजिराचा ईदेला. चांदीचा भावाच्या मयतीनंतर पहिल्यांदा लावला. वजीरा मान डोलवत होती.

"आणि हा मोत्यांचा. हुदाच्या लग्नात लावला होता, समुद्राकाठच्या जुन्या घरात. केवढा वारा होता त्या दिवशी!"

हा मोत्यांचा ब्रोच नातीच्या लग्नासाठी नवा घडवला होता. मागच्याच वर्षी. मत्राहच्या सोनाराकडून तो आणायला वजीराच गेली होती, आणि हॉटेलच्या खोलीत बीबींच्या खांद्यावर तिनेच तो लावला होता.

फाटकात गाडी थांबल्याचा आवाज आला.

"बरोबर ना?" बीबींनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

वजीराने एकवार त्यांच्याकडे पाहिलं.

"बरोबर, बीबी," ती म्हणाली, आणि हुदाला दार उघडायला उठली.