म्हातारीच्या घरातली अकरा माणसं

मुलांनो, एक करून पाहा. तुमच्यापुढे एक पुस्तक उघडं आहे असं समजा. अक्षरं ओळखीची आहेत, इंग्रजीच्या तासाला गिरवलेलीच, पण शब्द मात्र एकही कळत नाही. तरी तुम्ही मोठ्याने वाचताय. समोर बसलेले एक आजोबा तुमचं वाचणं ऐकून खुदकन हसतात, मग गप्प होतात, आणि थोड्या वेळाने उपरण्याने डोळे टिपतात. वाचलंत तुम्ही, आणि काय वाचलंत हे तुम्हालाच ठाऊक नाही! कसं वाटेल?

धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या कुंदाला १९८९ सालच्या पावसाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता असंच वाटायचं.

कुंदा सातवीत होती. तिचे वडील रुपचंदभाऊ एस.टी.त कंडक्टर, धुळे-जळगाव गाडीवर. समोरच्या घरात लीलाधर नाना राहायचे. नाना पोस्टातून निवृत्त झालेले. तरुणपणी मुंबईच्या पोस्टात परदेशी पत्रं निवडण्याचं काम त्यांच्याकडे होतं, आणि तिकिटांवरचं वाचता यावं एवढ्या हौसेने ते संध्याकाळच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकले होते. तेव्हाच फूटपाथवर त्यांना एक स्पॅनिश पुस्तक मिळालं. त्याला वरचा पुठ्ठा नव्हता, पहिली आठ पानं नव्हती. आत गोष्टी, कविता आणि निबंध. लेखक कोण, कुठल्या देशाचा, काही कळायला मार्ग नव्हता. सत्तावीस वर्षं नाना तेच पुस्तक वाचत होते आणि त्या लेखकाला ते ‘आबा’ म्हणायचे.

“पण नाना, आबांचं खरं नाव शोधायचं नाही का?” कुंदाने एकदा विचारलं होतं.

“माझा जन्म पोस्टात गेला पोरी. पाठवणाऱ्याचं नाव नसलं तरी पत्र पोचतं. पत्ता तेवढा बरोबर लागतो. हे पुस्तक माझ्या पत्त्यावर आलेलं आहे.”

आता मात्र काचबिंदूने नानांची नजर नेली होती. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. म्हणून कुंदा वाचायची. नानांनी तिला आठ दिवसांत वाचायचं कसं ते शिकवलं. शब्दाच्या तोंडाशी एच आला तर गिळायचा, दोन एल जोडीने आले तर ‘य’ म्हणायचं. चुकलं तर ते कधी चिडत नसत. “पुन्हा एकदा, सावकाश. आबा कुठे पळून जात नाहीत,” म्हणायचे.

एकदा तिने एक छोटी कविता वाचली आणि विचारलं, “नाना, ह्यात पाणी आहे का?”

नाना झोक्यावर ताठ बसले. “कशावरून म्हणतेस?”

“मी वाचत होते आणि तुम्ही ओठ ओले केलेत.”

नाना इतके हसले की झोका कुरकुरला. “आहे, आहे! रिकाम्या घड्याची कविता आहे ती. घडा विहिरीला म्हणतो, मला भर म्हणत नाही, तुझा आवाज तेवढा माझ्यात ठेव. आठ ओळी, बस! बघ कसा लिहितो माणूस. मी सत्तावीस वर्षं ऐकतोय, घडा अजून भरला नाही.”

नानांच्या मनात एकच गोष्ट होती. “मी गेलो की हे पुस्तक रद्दीत जाईल. कोणाला कळणार त्यात काय आहे? त्याआधी आबांची एक तरी गोष्ट आपल्या माणसांनी वाचावी.” जळगावच्या एका दिवाळी अंकाचे संपादक पितांबरभाऊ त्यांच्या ओळखीचे निघाले. त्यांनी कळवलं होतं, एक गोष्ट पाठवा, बघू.

नानांनी निवडलेली गोष्ट अशी होती. एका उजाड माळावरच्या गावात सरकारी कारकून माणसं मोजायला येतो. एका घरात एक म्हातारी आणि तिची नात असते. माणसं किती, असं विचारल्यावर म्हातारी सांगते, अकरा. मग ती एकेकाचं नाव सांगायला लागते. कोण खाटेवर बसलंय, कोण बैल पाजायला गेलंय, कोण रुसलंय. ती सगळी कधीचीच वारलेली माणसं असतात. कारकून आधी वैतागतो, मग लिहायला लागतो.

कुंदा ओळ वाचायची, नाना मराठीत सांगायचे, कुंदा वहीत उतरवायची. नाना पोस्टाच्या मोठ्या साहेबाला अर्ज लिहावा तसं सांगायचे. कारकून म्हणतो, दिसतात तर दोनच. त्यावर म्हातारीचं उत्तर नानांनी असं सांगितलं, “महोदय, आपणांस दोनच व्यक्ती दृष्टीस पडतात, परंतु मला सर्वजण दिसतात.”

शेवटी कुंदा फुलस्केप कागदांवर स्वच्छ प्रत करायला बसली. आई, पुष्पाबाई, चुलीपुढे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होती. अक्षर चांगलं येतंय तर वाचून तरी दाखव, म्हणाली. कुंदाने वाचलं.

पुष्पाबाईचा हात परातीतच थांबला. “हाई बाई कोण शे व? मामलेदारनी माय शे का?”

“आई, गरीब म्हातारी आहे गं ती. माळावर राहते.”

“मंग अशी काब्र बोलस? इतली कडक बोलनी ते मरेल माणसं तिना घरमा राहतीन का? पळी जातीन!”

कुंदाला हसू आलं, आणि मग हसू थांबलं, कारण ते खरं होतं. नाना ऐकताना डोळे पुसायचे, पण वहीतली म्हातारी ऐकून कोणाचेच डोळे ओले होणार नव्हते.

“मग ती काय म्हणेल?”

पुष्पाबाईने भाकरी तव्यावर टाकली, पदराने कपाळ पुसलं आणि जणू कारकून दारातच उभा आहे अशी मान वर केली. “म्हनी, बस भाऊ, पानी पे. तुले दोन दखातस. माले बठ्ठा दखातस.”

कुंदाने ते लिहिलं. मग पुढचं विचारलं, तेही लिहिलं. कारकुनाचं बोलणं आणि बाकी सगळी गोष्ट नानांची जशीच्या तशी राहिली. फक्त म्हातारी तेवढी अहिराणी बोलायला लागली. भाकरी संपेपर्यंत अकराच्या अकरा माणसं घरात येऊन बसली होती.

सकाळी नानांना सांगायचं असं तिने ठरवलं होतं. पण सकाळी नाना दारातच वाट बघत उभे. “झाली प्रत? आण, सही करतो. आजच टपालात पडली पाहिजे.” तिने त्यांचं बोट धरून सहीच्या जागी नेलं. सही झाली. सांगायचं तसंच राहिलं. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज तिला शाळेपर्यंत ऐकू येत राहिला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. जाड पाकीट, म्हणजे गोष्ट परत आली होती. नाना आनंदाने म्हणाले, “वाच वाच! पितांबरभाऊंचं ना?”

मुलांनो, पत्र वाचणारी एकटी कुंदा होती. तिच्या मनात येतं तर ती काहीही वाचू शकली असती. तिने पत्र उघडलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत होतं तेच वाचलं.

“आदरणीय नाना, गोष्ट फार सुंदर आहे. परंतु परदेशी थोर साहित्यिकाच्या तोंडी आपण गावंढळ बोली घातली आहे, ती अंकास शोभणार नाही. म्हातारीचे संवाद शुद्ध मराठीत करून आठ दिवसांत पाठवावेत. अन्यथा यंदा छापणे शक्य होणार नाही.”

“गावंढळ?” नाना म्हणाले. “मी? कुठली बोली?”

“मी घातली, नाना.” कुंदाने सगळं सांगितलं. आईचं, भाकरींचं, सहीच्या वेळी गप्प राहिल्याचं. सांगता सांगता रडली.

नानांनी पायाने झोका थांबवला. मग म्हणाले, “न विचारता बदललंस हे वाईट केलंस. माझी सही घेतलीस त्यावर.”

“हो नाना.”

“बरं. आता म्हातारीचं वाच. काय लिहिलंयस ते तरी कळू दे.”

तिने हुंदके आवरत धाकट्या मुलाची ओळ वाचली. “मन्हा धाकला आंडोर तठे खाटवर बसेल शे. त्यानं नाव पहिले लिख. तो रुसना का जेवस नही.” नानांनी हात वर केला. ती थांबली.

“आता आबांचं वाच. हीच ओळ, पुस्तकातली.”

तिने वाचली. नानांनी मान हलवली. “ह्या म्हातारीच्या बोलण्यातले निम्मे शब्द माझ्या कोशात नाहीत. मी आपला अंदाजाने अर्थ लावत आलो. वाटायचं, छापणाऱ्याने घोळ घातलाय.”

कुंदा पुस्तकाची पानं उगाच चाळत होती. शेवटाकडे एक लांब निबंध होता. नाना त्याला खडकाळ रान म्हणायचे आणि कायम ओलांडून जायचे. त्या पानावर तिची नजर अडकली. अर्थ कळत नसला की माणूस शब्दाचा चेहरा लक्षात ठेवतो. तो चेहरा तिने ओळखला.

“नाना, हा शब्द म्हातारीच्या तोंडी होता. आणि हा पण. हा तर दोनदा होता!”

“कुठे?”

“तुमच्या खडकाळ रानात.”

तीन संध्याकाळी ते त्या रानातून चालले. पाऊल पाऊल, ठेचकाळत. एक शब्द निबंधात कळला की गोष्टीत लागू करून बघायचा, गोष्टीतला निबंधात. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला नानांना त्यातला एक भाग सलग लागला. ते हळू आवाजात सांगायला लागले, आणि या वेळी त्यात ‘महोदय’ नव्हतं.

“आबा म्हणतात, माझी आजी शाळेत गेली नव्हती. मी शहरात शिकलो आणि तिचे शब्द लपवायला शिकलो. म्हातारपणी गोष्टी लिहायला बसलो तर त्या येईनात. मग एक दिवस तिचा एक शब्द कागदावर ठेवला. त्याच्या मागून बाकीची माणसं आपण होऊन आली.”

बाहेर कोणीतरी रिक्षा थांबवून पत्ता विचारत होतं. नाना ऐकत बसले होते, पण ते बाहेरचं ऐकत नव्हते.

“सत्तावीस वर्षं मी ह्या माणसाची पूजा केली,” ते म्हणाले. “आणि त्याने जे सगळ्यात जिवाभावाचं लिहिलं, तेवढंच ओलांडून गेलो. माझी मायसुद्धा असंच बोलायची. पोस्टात चिकटलो आणि मी ते सोडलं. चाळीस वर्षं झाली.” त्यांनी हात पुढे करून कुंदाचं डोकं चाचपलं. “पुन्हा वाच. म्हातारीचं वाच.”

कुंदाने वाचलं. नानांचे डोळे समोरच्या भिंतीकडे लागले होते, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं.

“पोरी,” ते म्हणाले, “आते माले ती म्हातारी दखास.”

आठातले तीन दिवस संपले होते. नाना म्हणाले, शुद्ध करून पाठवली तर गोष्ट नक्की छापून येईल, पण ती आबांची नसेल. अशीच पाठवली तर आबांची राहील, पण कदाचित छापणार नाहीत, आणि पुढच्या दिवाळीला मी असेन की नाही कोण जाणे. “टपालाने हे समजावता येणार नाही. कागदावर ती बोली बघितली की माणूस आधी नाक मुरडतो. ऐकायला पाहिजे.”

“मग ऐकवू या,” कुंदा म्हणाली. “रविवारी बाबांची जळगावची गाडी आहेच.”

रुपचंदभाऊंनी दोघांना आपल्या शेजारची जागा दिली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. नाना सगळ्या वाटेत कापसाचा वास घेत पुटपुटत होते. चाळीस वर्षांत न बोललेले शब्द ते एकेक तपासून पाहत होते.

पितांबरभाऊंचं कार्यालय म्हणजे छापखान्याच्याच पुढच्या भागातलं एक टेबल होतं. मागे लोटन नावाचा जुळारी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत उभा होता, टक टक आवाज चालू होता. पितांबरभाऊ उठून नानांच्या पाया पडले, चहा मागवला आणि म्हणाले, “नाना, एवढ्यासाठी कशाला आलात? चार वाक्यं बदलायची होती. लोक म्हणतील, दूरदेशीचा मोठा लेखक आणि असा बोलतो?”

“त्याच्याकडचे लोकही त्याला असंच म्हणाले असतील भाऊ,” नाना म्हणाले. “मी काही सांगत नाही. पोरीचं पाच मिनिटं ऐका. मग तुम्ही म्हणाल तसं.”

“सगळी गोष्ट?”

“फक्त म्हातारी घरात माणसं मोजते तेवढीच.”

पितांबरभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात जोडून कुंदाला म्हणाले, “वाचा बाई.”

कुंदाने कागद उघडले. आवाज बारीक निघाला. तिने कारकुनाचं वाक्य वाचलं, दिसतात तर दोनच, आणि मग आईसारखी मान वर केली.

“बस भाऊ, पानी पे. तुले दोन दखातस. माले बठ्ठा दखातस.”

मागची टक टक थांबली. लोटन हातात खिळा धरून तसाच उभा राहिला. कुंदाने धाकट्या मुलाचं वाचलं, मग बैल पाजायला गेलेल्या नवऱ्याचं. रुसलेल्या सुनेपर्यंत आली तेव्हा लोटन मोठ्याने हसला, आणि पुढच्याच ओळीला त्याने तोंड फिरवून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

“मन्ही माय अशीच मोजे,” तो कोणाला उद्देशून नाही असं म्हणाला. “माणूस मरी जाय तरी ताट मांडे.”

पितांबरभाऊंनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. मग नानांकडे पाहिलं. टेबलावरचा चहा तसाच होता. त्यांनी घड्याळ हातातून काढलं आणि खणात ठेवलं.

“किती झाली ग माणसं?” त्यांनी कुंदाला विचारलं.

“सात.”

“आणि ती म्हणते अकरा.”

“हो.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तेव्हा कुंदाने काय केलं सांगू? नानांचा हात आपल्या खांद्यावर नीट ठेवून घेतला, लोटनला ऐकू जावं म्हणून आवाज थोडा मोठा केला, पान उलटलं, आणि आठव्या माणसाला घरात बोलावलं.